पुढच्या कामाला

थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी मिस्त्रींच्या हातातून थापी पहिल्यांदा खाली पडली. तसं बघितलं तर थापी कुणाच्याही हातातून पडते. पण मिस्त्रींनी ती उचलली, धुतली, पुन्हा सिमेंटच्या मालात घातली आणि ती पुन्हा पडली. मागे त्यांची बायको विटा घेऊन उभी होती. तिने फक्त थापी उचलून दिली. चौथ्यांदा उचलून दिली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आज हवाच बरोबर नाही," आणि परांचीवरून खाली उतरले. ते परत कधी चढले नाहीत.

चौतीस वर्षं दोघांनी एकाच भिंतीवर काम केलं होतं. ते लावायचे, ही वाहायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर दहा विटा. वीट आधी पाण्यात भिजवायची, निथळू द्यायची आणि खाच वर करून मिस्त्रींच्या डाव्या हातात ठेवायची. मिस्त्री मागे वळून बघत नसत. डोळे भिंतीच्या रेषेत ताणलेल्या दोरीवर, उजव्या हातात थापी, आणि डावा हात तेवढा मागे. चौतीस वर्षांत तो हात एकदाही रिकामा राहिला नाही. बाकीच्या मिस्त्रींच्या बिगाऱ्यांना आरडाओरडा ऐकावा लागे. इथे मात्र दिवस दिवस कुणी कुणाशी बोलत नसे आणि भिंत वर जात असे.

तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एक वीट स्वतःच्या हाताने लावायची. दागिना नको, लुगडं नको, एक वीट.

पहिल्यांदा तिने मागितलं तेव्हा थोरली लेक पोटात होती. दुकानाची भिंत संपत आली होती. "अहो, एक मला लावू द्या ना. आतल्या बाजूची. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

मिस्त्री हसले. "वीट वाहायला डोकं लागतं, लावायला हात लागतो."

"आणि तुम्हाला तोंडही लागलंय देवाच्या दयेने."

"पुढच्या कामाला बघू."

पुढचं काम शाळेचं आलं. मग पाण्याच्या टाकीचं. मग दवाखान्याचं कुंपण, ते तर इतकं लांब होतं की एक काय, शंभर विटा तिने लावल्या असत्या तरी कुणाला पत्ता लागला नसता. प्रत्येक कामाच्या शेवटच्या दिवशी ती एकदाच विचारायची आणि मिस्त्री एकच उत्तर द्यायचे. पुढच्या कामाला. रागावून नाही, गोडीतच. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा आई जशी "उद्या हं" म्हणते ना, तसं.

आणि मग पुढचं काम आलंच नाही.

मिस्त्रींचा हात थरथरायला लागला तो थांबेना. डॉक्टर म्हणाले, आता या हाताकडून काम करून घेऊ नका. मिस्त्री ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या घरांच्या भिंतींना नावं ठेवू लागले. घरात दोन माणसं, तेव्हा कुणीतरी कमावायला हवंच. दोन गल्ल्या सोडून एक बालवाडी होती, तिथे झाडलोट करायला आणि मुलांचे हातपाय धुवायला बाई हवी होती. ती गेली. तिथे सगळे तिला मावशी म्हणू लागले, म्हणून आपणही मावशीच म्हणू.

बालवाडीची ताई वयाने मावशीच्या धाकट्या लेकीएवढी. एकच खोली, तीत वीस मुलं आणि कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांची मोठी पेटी. सुताराकडच्या उरलेल्या लाकडाचे तुकडे ताईने घासून गुळगुळीत करून घेतले होते. मावशीने पहिल्या दिवशी पेटी पुसताना एक ठोकळा हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं, हे तर विटेचंच माप. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट. फक्त चिमुकलं.

मुलांचा एक खेळ ठरलेला होता. खोलीत एक कापडी हत्ती होता, पोटात वाळू भरलेला, ओढाओढीत एक कान गेलेला. त्या हत्तीला घर बांधायचं. ठोकळ्यांच्या दोन भिंती, वर फळी आणि फळीवर हत्ती. घर उभं राहिलं तर सगळ्यांनी हाताची सोंड वर करून ओरडायचं. पण आजवर कुणी ओरडलं नव्हतं. हत्ती बसला की घर बसलंच.

घरं बांधण्यात पुढे असायचा तो एक साडेचार वर्षांचा मुलगा. सगळ्या गोष्टींवर वाद घालायचा म्हणून ताई त्याला वकीलसाहेब म्हणायची. त्याच्या भिंतीत काय चुकतं ते मावशीला दारातूनच दिसलं. ठोकळ्यावर ठोकळा, ठोकळ्यावर ठोकळा. चार खांब शेजारी शेजारी उभे, पण भांडलेल्या शेजाऱ्यांसारखे, एकमेकांचा हात न धरलेले. सांध्यावर सांधा आला की भिंत वरपासून खालपर्यंत फाटते, हे बिगाऱ्यालाही कळतं.

दुपारी मुलं घरी गेली. वकीलसाहेबांची अर्धी भिंत उद्यासाठी तशीच ठेवली होती. मावशी झाडू घेऊन तिच्यापर्यंत आली आणि झाडू हातातून कधी सुटला ते तिलाच कळलं नाही. ती खाली बसली. एक ठोकळा काढला, अर्धा सरकवला. मग दुसरा. मग तिने सगळीच भिंत उतरवून पहिल्या थरापासून पुन्हा लावली, प्रत्येक ठोकळा खालच्या दोघांच्या मधोमध, कडेला अद्धा, म्हणजे अर्धा ठोकळा, घालून. प्रत्येकाला वरून मुठीने ठोकलं, मिस्त्री ठोकायचे तसं. भिंत गुडघ्याएवढीही नव्हती. हत्ती वर बसवला तर राजासारखा बसला. मावशी पंचावन्न वर्षांची, दारातून कुणी येत नाही ना ते बघून तिने सोंड वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांनी भोकाड पसरलं.

"ही माझी नाही!"

"अरे, पण ही पडत नाही बघ," मावशी म्हणाली.

"मला माझी पाहिजे! पडणारी पाहिजे!"

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मधल्या सुट्टीत ताई तिच्याजवळ येऊन बसली. आता बोलणी खायची, असं तिला वाटलं. पण ताई म्हणाली, "मावशी, भिंत काय सुरेख होती हो! कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. चौतीस वर्षं बघितलंय."

"मग यांनाही बघू द्या. पडू द्या. पडली की फक्त विचारायचं, का बरं पडली असेल? उत्तर आपण द्यायचं नाही."

"आमच्यात भिंत पडली तर विचारत नाहीत, ताई. हाकलतात."

ताई इतकी हसली की चहा नाकात गेला.

संध्याकाळी मावशीने हे मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "पडू द्यायची? मग शाळा कशाला हवी? त्याला वादळ पुरे आहे!"

पण मावशीने ते मनावर घेतलं. जीभ दाताखाली धरायला शिकायला तिला महिना लागला. घर पडलं की ती विचारायची, "काय झालं रे?" आणि उत्तरं ऐकायची. हत्ती जाड आहे. हत्ती मुद्दाम करतो. जमीन हलली. एक मुलगा म्हणाला, आज रविवार नाही म्हणून पडलं. त्यावर वकीलसाहेब म्हणाले, मग रविवारी घरी का पडतं? मावशीची हसून पुरेवाट व्हायची.

आणि याच दिवसांत तिला ती मुलगी दिसली. म्हणजे ती रोजच होती, पण दिसली नव्हती. चार वर्षांची, अंगाने एवढीशी, सारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी. तिला सगळे मुंगी म्हणायचे. वकीलसाहेब बांधायला बसले की मुंगी पेटीतून ठोकळे आणून द्यायची. दोन या हातात, दोन त्या हातात, एक हनुवटीखाली दाबलेला. सकाळपासून दुपारपर्यंत आणायची. एकही लावायची नाही. वकीलसाहेब मागे न बघता हात पुढे करायचे आणि मुंगी त्यात ठोकळा ठेवायची.

मावशी तो हात बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती मुलांमध्ये जाऊन बसली आणि म्हणाली, "आज मुंगी लावणार. वकीलसाहेब आणून देणार."

"तिला येत नाही!"

"तुला तरी कुठे येतं? काल पाच वेळा पडली."

"मग तिचीही पडेल."

"पडू दे की," मावशी म्हणाली.

बोलून ती स्वतःच थबकली. एवढंच वाक्य. तीन शब्द. चौतीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते हेच होतं, आणि ते तिच्याच तोंडून निघालं होतं, दुसऱ्या कुणासाठी तरी.

मुंगीची भिंत पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. वकीलसाहेबांना आनंद लपवता येईना. मावशीने विचारलं, "कुठून फाटली गं?"

मुंगी पोटावर आडवी झाली. उरलेल्या भिंतीतल्या फटीवर तिने खालून वर बोट फिरवलं. "इथून. ही रेघ वरपर्यंत जाते."

"मग?"

मुंगीने बराच विचार केला. मग एक ठोकळा घेऊन तो बरोबर त्या रेघेवर आडवा ठेवला. "हिच्यावर याला झोपवते. म्हणजे ती उठणार नाही."

मावशीने तोंडावर पदर धरला. काही बोलायचं नाही, काही म्हणजे काही बोलायचं नाही.

थरावर थर चढले. प्रत्येक रेघेवर मुंगीने कुणालातरी झोपवलं. कडेला अर्धी जागा उरली तेव्हा ती ओरडली, "वकील, लहान आण!" आणि वकीलसाहेबांनी पेटी उपडी करून अद्धा शोधून आणला. फळी ठेवली. हत्ती बसला. वकीलसाहेबांनी गाल फुगवून फुंकर मारली, पुठ्ठ्याने वारा घातला, शेवटी जमिनीवर उड्या मारल्या. घर हललं नाही. मग जो ओरडा झाला तो ऐकून शेजारचा शिंपी धावत आला.

मुंगी मात्र ओरडली नाही. ती आपले दोन्ही हात समोर धरून बघत होती. एकदा पालथे, एकदा उताणे.

त्या संध्याकाळी मावशीने मिस्त्रींपुढे चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. मिस्त्री कप दोन्ही हातांनी धरायचे, तरी बशीत सांडायचा.

"आपले हात बघत होती, अहो. कुणाचे तरी नवे हात मिळाल्यासारखी."

"हुशार आहे पोरगी."

"तिची दोनदा पडली. कुणी मेलं नाही."

"लाकडाची होती म्हणून."

"मी मागत होते ती आतल्या बाजूची होती."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "अगं, भिंत पडली की मिस्त्री पडतो. नाव माझं असतं."

"एका विटेने?"

ओट्यासमोरून दोन सायकली गेल्या, दूधवाला गेला. मग मिस्त्री रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू लावायला लागली असतीस तर मला कोण देणार होतं? मी हात मागे केला की..." थरथरणारा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला. "आणि आता तर पुढचं काम कुठून आणू तुझ्यासाठी?"

मावशी कपबशा घेऊन आत गेली. हे इतक्या उशिरा सांगितल्याचा राग येतोय, की सांगितलं याचंच बरं वाटतंय, ते तिला कपबशा धुऊन होईपर्यंत कळलं नाही. गावात मिस्त्री काय थोडे होते? कुणालाही चहा पाजून म्हटलं असतं तर त्याने हसत एक वीट लावू दिली असती. पण तिला ती नको होती. तिला ही वीट या माणसासमोर लावायची होती. त्याच्या भिंतीत.

थंडी सुरू झाली तेव्हा ताईने अंगणात मुलांसाठी वाळूचा हौद करायचं काढलं. तीन बाजूंना आधीच कुंपणाची भिंत होती. चौथ्या बाजूला सहा थरांची एक बुटकी भिंत हवी होती, मुलांनी चढून बसावं इतपत. पाया भरून झाला होता, विटाही आल्या होत्या. ताईने मिस्त्रींना निरोप धाडला.

मावशीला वाटलं, नाही म्हणतील. पण मिस्त्री सकाळीच अंघोळ करून कामाचा जुना सदरा घालून दारात उभे. काखेत पिशवी, पिशवीत थापी, ओळंबा आणि दोरी. "चल. विटा भिजवल्यास का?"

बालवाडीत वीस मुलं भिंतीला टेकून ओळीने बसली होती. मिस्त्रींनी दोरी बांधली, माल घेतला आणि थापी पडली. मुलं हसली. मिस्त्रींनी पुन्हा घेतली. पहिली वीट कशीबशी बसली. दुसरीखालचा माल घसरला. तिसरी त्यांच्या हातातून सुटून तुटली.

"आजोबा, तुमचा हात का नाचतो?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"त्याला सुट्टी लागलीय."

"मग त्याला कामावर का आणलंत?"

मिस्त्री हसले, पण हसू लवकर संपलं. ते पालथ्या बादलीवर बसले. मावशी भिजलेली वीट घेऊन मागे उभी होती, खाच वर करून, नेहमीसारखी. मिस्त्रींनी हात मागे केला नाही. ते वळले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या मध्ये वळून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि थापीची मूठ तिच्यापुढे धरली.

"घे. पुढचं काम आलं."

मावशीने थापी घेतली. इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती भिंतीपाशी बसली, माल पसरला, कडा ओढून घेतल्या. सगळं येत होतं, हातांना माहीत होतं. मिस्त्रींनी वाकून, दोन्ही हातांनी धरून एक वीट उचलली आणि तिच्या हातात दिली. तिने ती घेतली. आणि कसं कोण जाणे, जन्माची सवय, तिने वीट फिरवली, खाच वर केली, आणि परत मिस्त्रींपुढे धरली.

मुलं खिदळायला लागली. ताईने तोंड फिरवलं.

"मला काय परत करतेस?" मिस्त्री म्हणाले. "लाव."

तिने लावली. मुठीने ठोकली. पालथ्या हाताने कडेचा माल पुसला. मग दुसरी लावली. पाचवी जराशी दोरीबाहेर गेली. मिस्त्रींनी बोलायला तोंड उघडलं तोच मुंगी ओळीतून उठून म्हणाली, "आजोबा, सांगायचं नाही! पडू द्यायची!"

मिस्त्रींनी तोंड मिटलं. थोड्या वेळाने ताईच्या आवाजाची नक्कल करत म्हणाले, "का बरं वाकडी झाली असेल, मावशी?"

मावशी थापी मांडीवर ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

दुपारपर्यंत तीन थर झाले. प्रत्येक वीट मिस्त्रींनी दिली. एक वीट उचलायला त्यांना केवढा वेळ लागायचा. पण मावशी डावा हात मागे करून बसायची, वळून बघायची नाही, आणि उशिरा का होईना, वीट हातात यायची. चौथ्या थराला मिस्त्रींचा श्वास लागला. "आज इतकंच. उरलेले तीन उद्या."

घरी जाताना ते वाटेत म्हणाले, "ती पाचवी वाकडीच आहे."

"माहितेय."

"राहू दे. कुणी लावली ते तरी कळेल."

दुसरा दिवस वेगळा उगवला. मावशी बालवाडीत परत आली ती पंधरा दिवसांनी. तोवर लेक जुळ्यांना घेऊन आली, राहिली आणि तिच्या घरी गेली होती. भिंत तीन थरांवर तशीच होती. ताईने दुसरा मिस्त्री बोलावला नव्हता. थर ओले दिसत होते.

"पाणी कोण मारतंय?" मावशीने विचारलं.

"मी," मुंगी म्हणाली. तिच्या हातात दात घासायचा पेला होता. "आजोबा म्हणाले होते, नवी भिंत तहानलेली असते."

मावशीने पिशवीतून थापी काढली. विटा भिजवल्या. माल कालवला, पसरला, दोरीकडे डोळे लावले आणि डावा हात मागे केला.

हात तसाच राहिला.

"मावशी, हात का मागे केलाय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"सवय रे."

मग तिने हात पुढे घेतला, वळली, वाकली, वीट उचलली आणि लावली. पुन्हा वळली, पुन्हा वाकली. स्वतःच उचलायची आणि स्वतःच लावायची म्हणजे किती वेळ लागतो, हे तिला आजवर माहीत नव्हतं. मिस्त्रींनाही माहीत नव्हतं. मधूनच तिचा हात आपोआप मागे जायचा, आणि ती थोडा वेळ तो तसाच ठेवायची. घाई कुणाला होती? सहावा थर झाला तेव्हा मुलं घरी जायची वेळ झाली होती. माल वाळल्यावर, चार दिवसांनी, मुंगीने एका कानाचा हत्ती भिंतीवर आणून बसवला. तो बसला.

मिस्त्री वारले ते तिसरा थर लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पहाटे झोपेत. जुळी तेव्हा नुकती दोन वर्षांची झाली होती.